ठिपके हलले की माणूस दिसतो

नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी पेटते पहाटे. त्याआधीची अख्खी रात्र नाचाची. या रात्रीबद्दल बोलताना जो तो ढोलाचं कौतुक करतो. ते रास्तच, पण हा नाच कानाइतकाच डोळ्यासाठी रचलेला आहे, हे बुध्याचा वेश नीट पाहिला की उमगतं.

बुध्या म्हणजे नवसाचं व्रत पाळून नाचणारा. अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळके भोपळे आणि घुंगरू. रात्रीच्या हलत्या उजेडात अंग काळोखात विरतं, उरतात ठिपके. तो उभा असेतो ती नुसती नक्षी. पाय उचलला की गुडघा, मांडी, खांदा जागच्या जागी उमटतात.

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये हेच प्रयोगाने दाखवलं. माणसाच्या सांध्यांवरचे दहा-बारा प्रकाशबिंदू तेवढे अंधारात दिसत होते. स्थिर असताना त्यांतून काही कळेना; हलताच बघणाऱ्यांनी चालणारा माणूस ओळखला. डोळ्याला गतीपुरते मोजके बिंदू पुरतात.

बुध्याचा वेश त्या गतीला आणखी उठाव देतो. मानेचा बारीकसा झटका मोरपिसांच्या शेंड्याशी मोठा हेलकावा होतो. लोंबते भोपळे कमरेच्या किंचित मागून येतात. म्हणजे एकच ठोका आधी टाचेत दिसतो, मग भोपळ्यांत.

आता एकट्या बुध्यावरून नजर मैदानावर न्यावी. गावोगावचे जथे, ज्याचा त्याचा ढोल. एवढ्या गर्दीत कोण कोणाबरोबर, हे सांगावं लागत नाही. मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांनी १९२३ मध्ये मांडलेलं तत्त्व इथे लागू पडतं: जे एकत्र हलतं, ते डोळा एक धरतो.

एकत्र हलण्यातही प्रकार आहेत. सगळे एकदम, किंवा एक वर असताना दुसरा खाली, ही दोन्ही नाती डोळा चटकन पकडतो. अधलीमधली त्याला गोंधळाची वाटतात. १९९० च्या एका प्रयोगात दोघांना शेजारी-शेजारी बसवून, एकमेकांच्या पायांकडे पाहत उलटसुलट पाय झुलवायला सांगितलं. वेग वाढला तसे त्यांचे पाय आपोआप एकसाथ झुलू लागले. सगळ्यांनी एकदम पाऊल टाकायचं, हे नाचाच्या घेरातलं साधं वाटणारं बंधन म्हणूनच रात्रभर टिकतं. ढोल तापला, पाय थकले, तरी शेजाऱ्याकडे टाकलेली नजर पाऊल सावरून घेते.

काठीच्या होळीचे फोटो दरवर्षी छापून येतात. त्यांत मोरपिसं येतात, ठिपके येतात, भोपळेही येतात. पण हे सगळं ज्या हालचालीसाठी अंगावर चढवलं, तीच तेवढी गळते. हा वेश पाहायचा तर नाचतानाच.