घर सोडण्याची कारणे : ‘निवेदन’ आणि ‘भगवान बुद्ध’

आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे नाव गोमंतकात अभिमानाने घेतले जाते. त्यांची पुस्तके मात्र फार थोड्या घरांत उघडली जातात. ‘निवेदन’ (१९२४) आपण आत्मचरित्र म्हणून वाचतो, ‘भगवान बुद्ध’ (१९४०-४१) संशोधन म्हणून. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली, तर दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो : माणूस घर का सोडतो?

युरोपात ग्रीक-लॅटिनच्या अभ्यासकाला शाळेपासून वाट आखून दिलेली असते. १८७६ साली साखवाळला जन्मलेल्या, नारळीच्या बागायतीत राबणाऱ्या तरुणापुढे पालीची अशी कोणतीही वाट नव्हती. ‘बालबोधमेवा’ मासिकात बुद्धाचे चरित्र वाचले, हेच निमित्त. १८९९च्या अखेरीस पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक यांना मागे ठेवून ते निघाले. पुण्यात डॉ. भांडारकरांची भेट, काशीत अन्नछत्रातील जेवणावर संस्कृताचे अध्ययन, नेपाळ, मग सिंहलद्वीपात विद्योदय विहारात सुमंगलाचार्यांपाशी पाली, पुढे ब्रह्मदेश. ‘निवेदन’चे मोल असे की, भूक, आजार, निराशा यांपैकी कशालाच लेखक सजवत नाही. हिशेबाच्या वहीसारखे साधे गद्य. पण त्या साधेपणामुळेच ते खरे वाटते.

पुढची कारकीर्द विलक्षण आहे. कलकत्त्यातील पालीचे अध्यापन सोडून त्यांनी सयाजीराव महाराजांचे दरमहा ५० रुपये पत्करले, कारण त्यांना मराठी मुलखात राहून लिहायचे होते. १९१० साली ते ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनासाठी हार्वर्डला गेले. १९१२ ते १९१८ फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली, पु. वि. बापट हे त्यांचेच विद्यार्थी. १९१८ साली पुन्हा अमेरिका, या खेपेस माणिक आणि दामोदर यांना बरोबर घेऊन. हार्वर्डची ती आवृत्ती निघाली १९५० साली, कोसंबींच्या निधनानंतर तीन वर्षांनी. तिच्यावर संपादक म्हणून वॉरनचे नाव आहे आणि संशोधक म्हणून कोसंबींचे. स्वतंत्र नागरी आवृत्ती मात्र त्यांनी १९४० सालीच सिद्ध केली होती.

आता ‘भगवान बुद्ध’कडे वळू. म्हातारा, रोगी व प्रेत पाहून सिद्धार्थ रात्री गुपचूप निघाला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कोसंबी दाखवतात की, ही दृश्ये मूळ सुत्तात विपस्सी या पूर्वीच्या बुद्धाची आहेत. अरियपरियेसन सुत्तात तर आईवडील रडत असताना, त्यांच्यासमोरच, गौतमाने गृहत्याग केला असे आहे. मग कारण काय? अत्तदण्ड सुत्ताचा आधार घेऊन ते म्हणतात : आपसांत शस्त्रे उगारणाऱ्या माणसांचे भय. त्याची सांगड ते शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्यावरील तंट्याशी घालतात. म्हादईच्या पाण्याचा वाद जवळून पाहणाऱ्या डिचोली-सत्तरीच्या वाचकाला हा प्रसंग दूरचा वाटू नये.

इथे एक आक्षेप नोंदवायला हवा. अत्तदण्ड सुत्तात रोहिणीचे नाव नाही. तो तंटा अट्ठकथांतून येतो. म्हणजे जे कोसंबी अद्‌भुत कथांना उत्तरकालीन म्हणून बाजूला सारतात, तेच इथे उत्तरकालीन साधनाचा आधार घेतात. त्यांचे खंडन भक्कम आहे. मंडन हा तर्क आहे. तरीही तर्क फलदायी ठरला : १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या डॉ. आंबेडकरांच्या बुद्धविषयक ग्रंथातही गृहत्याग रोहिणीच्या वादाशीच जोडलेला आहे.

अश्रू ढाळणारी माणसे मागे राहतात, ही गोष्ट कोसंबींनी स्वतः अनुभवली होती. म्हणूनच त्या सुत्तातील ओळ त्यांना महत्त्वाची वाटली असावी, असे मला वाटते. मात्र ‘निवेदन’मध्ये बाळाबाईंची बाजू त्यांच्या तोंडून आपल्याला ऐकायला मिळत नाही. ज्ञानाची किंमत एकट्या ज्ञानार्थीनेच चुकवली असे समजून आपण हे पुस्तक मुलांच्या हाती दिले, तर ते अपुरे वाचन होईल.

पेडणे, डिचोली हे महाल पोर्तुगीज अमलाखाली अठराव्या शतकाच्या अखेरीस आले, म्हणून देवळांत, कीर्तनांत, पोथ्यांत मराठी सहज टिकली. साखवाळसारख्या जुन्या काबिजादीत ती वाचनाच्या ओढीने मिळवावी लागे. अशा ठिकाणी वाढलेल्या, कोणतीही पदवी नसलेल्या या माणसाने पाली, सिंहली, इंग्रजी आत्मसात केल्या. पण विचार सामान्य वाचकापर्यंत न्यायचा म्हटल्यावर तो मराठीकडे वळला. आज आपली मुले घरी कोकणी, शाळेत इंग्रजी आणि देवळात मराठी अशी वाढतात. त्यांना कोसंबी एक धडा देतात : अनेक भाषा शिकल्याने आपली भाषा दुबळी होत नाही, मात्र तिच्यात आणून ठेवण्यासारखे काही कमवावे लागते. मीरा कोसंबी यांच्या इंग्रजी अनुवादामुळे ‘निवेदन’ २०११ पासून जगाला उपलब्ध आहे. मूळ मराठी वाचण्याचे काम आपले आहे.