‘नाव सांग, मग बघू’: ‘थर्टीन रीझन्स व्हाय’मधील शाळा

‘बुलिंग’ला मराठीत एकच एक प्रतिशब्द नाही. चिडवणे, खोड काढणे, वाळीत टाकणे, दादागिरी, छळ असे शब्द आपल्याकडे आहेत. पण त्यातला प्रत्येक शब्द त्या प्रकाराचा एकेक तुकडाच दाखवतो. चिडवणे म्हटले की ‘लक्ष देऊ नकोस’ असे सांगून विषय संपतो. छळ म्हटले की एकदम पोलिसांची आठवण येते. या दोन टोकांच्या मध्ये रोज थोडे थोडे जे चालते, त्याची शाळेच्या दप्तरात कुठेच नोंद होत नाही. ही अडचण आपल्या भाषेपुरतीच असेल असे वाटणे साहजिक आहे. इंग्रजीत त्यासाठी शब्द आहे, आणि अमेरिकेतल्या शाळांत नियमावली आहे, समुपदेशक आहेत. मग तिथल्या शाळेला तो प्रकार दिसतो का? या प्रश्नाचा माग काढत मी ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ या अमेरिकन मालिकेचे चारही भाग, म्हणजे एकूण ४९ प्रकरणे, वही शेजारी ठेवून पाहिली.

मालिका आधारलेली आहे ती जे अ‍ॅशर यांच्या २००७ सालच्या कादंबरीवर. ब्रायन यॉर्की यांनी ती पडद्यासाठी घडवली. मार्च २०१७ मध्ये ती नेटफ्लिक्सवर आली आणि जून २०२० मध्ये संपली. हॅना बेकर ही लिबर्टी हायस्कूलमधली मुलगी आत्महत्या करते. जाण्यापूर्वी ती सात कॅसेट ध्वनिमुद्रित करून ठेवते. आपल्या मृत्यूला कोण कोण कसे कारणीभूत झाले, हे तिने त्यात सांगितले आहे. त्या कॅसेट एकाकडून दुसऱ्याकडे जात क्ले जेन्सन या तिच्या मित्रापर्यंत येतात. आत्महत्येच्या चित्रणावरून मालिकेवर कडक टीका झाली आणि नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये ते दृश्य काढून टाकले. ती टीका आवश्यकच होती. पण वादाचा सगळा रोख त्या एका दृश्यावर राहिल्यामुळे मालिकेतल्या शाळेकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नाही.

पहिल्या भागात हॅनाच्या वाट्याला येणाऱ्या बहुतेक गोष्टी सुट्या सुट्या पाहिल्या तर किरकोळ वाटतात. एक फोटो मोबाइलवरून फिरतो. मुलींच्या शरीरावर शेरे मारणारी एक यादी वर्गात हातोहात जाते. स्वच्छतागृहाच्या भिंतीवर कुणीतरी घाण लिहून ठेवते. यातली एकेक गोष्ट घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले, तर ‘पोरे आहेत, चालायचेच’ हे उत्तर कोणत्याही देशात मिळेल. त्या साऱ्यांची बेरीज फक्त हॅनाला माहीत असते. शाळेतल्या एकाही प्रौढाकडे ती बेरीज मांडण्याची जागा नाही, हे मालिकेने फार नेमके दाखवले आहे.

एक प्रसंग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. संवादकौशल्याच्या तासाला हॅना आपली निराशा एका चिठ्ठीत, नाव न घालता लिहिते. शिक्षिका ब्रॅडली ती चिठ्ठी वर्गासमोर वाचतात आणि त्यावर चर्चा घेतात. ‘लिहिणाऱ्याला लक्ष वेधून घ्यायचे असेल’ असे शेरे वर्गातून येतात. तास संपतो आणि चिठ्ठीही तिथेच संपते. ब्रॅडलीबाई दुष्ट नाहीत. त्यांनी अभ्यासक्रमात बसेल तेवढे केले. पण चिठ्ठी या वर्गातल्याच कुणाची तरी आहे, आणि तास संपल्यावर ते मूल याच दारातून बाहेर पडणार आहे, हा विचार त्या अभ्यासक्रमात नव्हता.

मग येतात समुपदेशक केविन पोर्टर. शेवटचा प्रयत्न म्हणून हॅना त्यांच्या खोलीत जाते आणि तो संवाद गुपचूप ध्वनिमुद्रित करते. तिच्यावर बलात्कार झाला आहे. ती तसे स्पष्ट म्हणत नाही, पण ऐकणाऱ्याला कळेल इतके सांगते. पोर्टर नाव विचारतात. ती नाव सांगत नाही. तेव्हा नाव सांगायचे नसेल, तक्रार करायची नसेल, तर हे मागे टाकून पुढे जाणे एवढाच मार्ग उरतो, अशा अर्थाचे ते बोलतात. ती उठून जाते. बाहेर क्षणभर थांबते. मागून कुणी येत नाही.

डेरेक ल्यूक यांनी हा समुपदेशक दमलेला, भला आणि कामाच्या ओझ्याखाली दबलेला असा उभा केला आहे, म्हणूनच हे दृश्य अधिक बोचते. कार्यपद्धतीच्या चौकटीत पाहिले तर त्यांचा प्रश्न योग्यच आहे. नावाशिवाय चौकशी होत नाही आणि चौकशीशिवाय शिक्षा होत नाही. पण हॅना त्या क्षणी शिक्षेसाठी आलेलीच नाही, ती कुणीतरी आपल्याला थांबवावे म्हणून आली आहे. शाळेचे यंत्र मात्र गुन्हेगाराच्या नावापासूनच सुरू होते. नाव मिळाले नाही, तर पीडित मुलासाठी काय करायचे, याचे कलमच त्या यंत्रात नाही.

इथपर्यंत मालिका शाळेची परीक्षा घेते आहे असे वाटते. पण तिची स्वतःची मर्यादाही इथेच दिसू लागते. कॅसेटवर ज्यांच्या नावाने कारणे नोंदवली आहेत, त्यांत शाळेतली प्रौढ व्यक्ती एकच आहे, आणि ती म्हणजे पोर्टर. मुख्याध्यापक बोलन यांच्या नावाची कॅसेट नाही. चिठ्ठी वाचणाऱ्या ब्रॅडलीबाईंच्या नावाचीही नाही. म्हणजे संस्थेने केलेल्या दुर्लक्षाचे खापर तिथल्या एकट्या माणसाच्या डोक्यावर फुटते. मालिकेची रचनाच ‘एक कॅसेट, एक दोषी’ अशी असल्यामुळे, ज्या दोषाला चेहरा नाही तो तिच्यात मावत नाही. शाळा नाव मागते आणि मालिकाही नावेच पुरवते.

२०१८ च्या दुसऱ्या भागात हॅनाची आई ऑलिव्हिया शाळेविरुद्ध न्यायालयात उभी राहते. प्रकरणामागून प्रकरण साक्षींत जाते. पोर्टर आपण कमी पडलो हे साक्षीत मान्य करतात. शेवटी ज्युरी शाळेला जबाबदार धरत नाही. हा निकाल कायद्याच्या चौकटीत पटण्याजोगा आहे, पण न्यायालय तरी काय विचारते? शाळेला माहीत होते का, तक्रार आली होती का, पुरावा काय, हेच पोर्टरच्या खोलीतले प्रश्न तिथे पुन्हा मोठ्या आवाजात विचारले जातात.

माझ्या मते मालिकेतली सर्वांत बोलकी कथा हॅनाची नसून टायलर डाउनची आहे. टायलर हा छळला जाणारा मुलगा, पण हॅनाचा चोरून फोटो काढून तो पसरवणाराही तोच. छळणारा आणि छळला जाणारा अशी स्वच्छ विभागणी त्याच्याबाबत करता येत नाही. दुसऱ्या भागात तो शाळेच्या बेसबॉलच्या मैदानाची नासधूस करतो. नासधूस सर्वांना दिसते, तेव्हा शाळा हालते. त्याला सुधारणा कार्यक्रमाला धाडले जाते. तो बदलून, शांत होऊन परत येतो, पण शाळा होती तशीच असते. त्याच शाळेच्या स्वच्छतागृहात माँटगमेरी आणि त्याचे साथीदार त्याच्यावर अमानुष लैंगिक हल्ला करतात. मुलाला दुरुस्त करून त्याच बिघडलेल्या जागी परत ठेवणे, ही शाळेची दुसरी पद्धत.

यानंतर टायलर बंदुका घेऊन शाळेच्या नृत्यसमारंभाकडे येतो. क्ले त्याला दारातच थांबवतो. तिसऱ्या भागात क्ले आणि त्याचे मित्र ही गोष्ट शाळेपासून लपवतात आणि पाळ्या लावून टायलरसोबत राहतात. आज कोण, उद्या कोण, हे आपसांत ठरवतात. हे धोक्याचे आहे आणि मुलांच्या कुवतीबाहेरचेही आहे. तरीही, छळलेल्या मुलाला एकटे पडू न देण्याचा चारही भागांतला सर्वांत चिकाटीचा प्रयत्न हाच आहे, आणि तो शाळेच्या नजरेआड करावा लागतो. आपण सांगितले तर शाळा टायलरला सांभाळणार नाही, बाहेर काढेल, हे मुलांनी नीट ओळखले आहे.

चौथ्या भागात शाळा आपले उत्तर देते. दाराशी धातुशोधक यंत्रे, भिंतींवर कॅमेरे, आवारात पोलीस. गोळीबार झाल्यास काय करायचे याचा सराव होतो, पण हा सराव आहे हे मुलांना सांगितले जात नाही. मुले खऱ्या मरणाच्या भीतीने वर्गात दडून बसतात. पोर्टरच्या खोलीत कमी पडला तो पुरावा आता कॅमेरे चोवीस तास गोळा करतात. मात्र हॅना ज्या दाराबाहेर क्षणभर थांबली होती, तिथे कॅमेरा असता तरी त्याने काय केले असते? एक मुलगी खोलीतून निघून गेली, इतकेच टिपले असते.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्येच केला. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी केली पाहिजे, आणि हयगय केली तर त्याने रॅगिंगला साहाय्य केले असे मानले जाईल, अशी त्यात तरतूद आहे. लिबर्टीच्या मुख्याध्यापकांना जे दायित्व कधीच चिकटले नाही, ते आपल्या कायद्याने संस्थेच्या प्रमुखावर स्पष्टपणे टाकले आहे. ही मोठी गोष्ट आहे. पण त्याचीही सुरुवात लेखी तक्रारीपासून होते. तेरा-चौदा वर्षांचे मूल लेखी तक्रार करत नाही. तोंडी केली तरी ‘चहाडखोर’ हा शिक्का तयार असतो. तो शिक्का मारणाऱ्यांत मुले असतात, तसे शिक्षकही असतात.

म्हणून या मालिकेचे मोल मला तिच्या न्यायनिवाड्यात वाटत नाही. तिथे ती स्वतःच्याच कॅसेटींत अडकते. तिचे मोल आहे ते तिने नकळत मांडलेल्या एका तुलनेत. एका बाजूला समुपदेशक, न्यायालय आणि कॅमेरे आहेत. दुसऱ्या बाजूला पाळ्या लावणारी चार-सहा पोरे आहेत. तक्रार येण्याआधी आणि आल्यानंतरही त्या मुलासोबत कोण राहणार, हे वेळापत्रकात, कामाच्या वाटपात कुठेतरी लिहिलेले असावे लागते. पोर्टर उठून हॅनाच्या मागे गेले असते, तर त्यांच्या खोलीबाहेर रांगेत बसलेल्या पुढच्या मुलाकडे कोणी पाहायचे, हे ठरलेले असायला हवे होते. लिबर्टी हायस्कूलमध्ये ते ठरलेले नव्हते. आपल्या गावातल्या शाळेत ते ठरलेले आहे का, हे येत्या पालकसभेत विचारून पाहण्यासारखे आहे.