निमित्त, कारण आणि नाकारलेला लवाद

राष्ट्रे एकमेकांवर शस्त्र का उगारतात, ह्या प्रश्नाचा विचार करणाऱ्यास थ्युसिडिडीझ ह्या ग्रीक इतिहासकाराकडे वळल्यावाचून गत्यंतर नाही. अथेन्स व स्पार्टा ह्यांच्यात इ. स. पूर्वी ४३१ ते ४०४ ह्या काळात झालेल्या युद्धाचा हा इतिहासकार स्वतः अथेन्सचा सेनानी होता. अँफिपोलिस शहर राखता न आल्यामुळे त्यास वीस वर्षे हद्दपारी भोगावी लागली. तरीही त्याने उभय पक्षांच्या कैफियती नोंदविल्या, हा त्याचा मोठेपणा होय.

त्याची कीर्ती मुख्यतः एका भेदावर उभी आहे : निमित्त वेगळे, कारण वेगळे. कॉर्सिराशी अथेन्सने जोडलेले सख्य, पोटिडियाचा वेढा, मेगाराच्या लोकांस अथेन्सची बाजारपेठ व बंदरे बंद करणारा ठराव, ही सारी निमित्ते. खरे कारण अथेन्सचे वाढते बळ आणि त्यामुळे स्पार्टाच्या मनात बसलेली धास्ती. हे निदान मर्मग्राही आहे ह्यात शंका नाही. परंतु ह्या धास्तीने युद्ध अटळ केले, हा निष्कर्ष मात्र त्याच्याच ग्रंथातील पुराव्याशी जुळत नाही.

युद्धापूर्वी सुमारे पंधरा वर्षे उभय राष्ट्रांत तीस वर्षांचा तह झाला होता. तंटा उद्भवल्यास तो लवादाकडे न्यावा, असे त्यात कलम होते. अथेन्सने तशी तयारी दर्शविली. स्पार्टाचा राजा आर्किडेमस ह्यानेही सभेस बजावले की, जो न्याय मान्य करावयास सिद्ध आहे, त्यास आधीच अपराधी ठरवून त्याजवर चाल करणे धर्म्य नव्हे. सभेने त्याचे ऐकले नाही. अथेन्सही निर्दोष नव्हते. मेगाराचा ठराव मागे घेण्यास पेरिक्लीसने साफ नकार दिला. आज लहान गोष्टीत नमते घेतले तर उद्या मोठी मागणी येईल, हा त्याचा युक्तिवाद. बांधावरच्या हातभर जमिनीसाठी हाच युक्तिवाद मी पक्षकारांच्या तोंडून कितीदा तरी ऐकला आहे, आणि त्यापायी दोन्ही घरे बुडालेलीही पाहिली आहेत.

पुढे सातव्या भागात ग्रंथकारच सांगतो की, आरंभीच्या अपयशानंतर लवाद नाकारल्याची बोच स्पार्टाच्या लोकांस लागून राहिली होती. नंतर अथेन्सने लवाद नाकारताच ते नव्या उमेदीने उठले. जे अटळच होते, त्याचा पश्चात्ताप कोण करील? इतकी मोलाची साक्ष मूळ कारणाच्या मीमांसेत त्याने जमेस धरली नाही, हे ह्या थोर ग्रंथाचे उणे होय.

देवळाच्या सभामंडपात उद्योगपर्व ऐकलेल्यांस हे नवे वाटू नये. पांडव पाच गावांवर राजी होते. शक्य असून प्रयत्न केला नाही असा ठपका राहू नये, म्हणून यश दिसत नसताही श्रीकृष्ण शिष्टाईस गेले. महाभारतात दैवाचा उल्लेख पदोपदी येतो. तरी नकाराचा दोष दुर्योधनाच्या पदरातून सुटत नाही.

२५ जुलै १९१४ रोजी सर्बियाने वाद हेगच्या न्यायासनापुढे नेण्याची तयारी कळविली. तिसऱ्याच दिवशी ऑस्ट्रिया-हंगेरीने युद्ध पुकारले. भय तेथेही होते, पण न्यायासनाचे दार उघडे असता पाठ फिरविली ती माणसांनी. युद्धाची कारणे शोधताना ह्या नकाराची नोंद प्रथम झाली पाहिजे.