दारातली काळी आणि पडद्यावरची चार्ली

आई सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आली आणि दुसऱ्याच आठवड्यात आम्ही दोघी '७७७ चार्ली' पाहायला बसलो. एका मैत्रिणीने सुचवला होता. "कुत्र्यावरचा आहे, तुझ्या आईला आवडेल," म्हणाली. बाबांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. सांगलीचं घर बंद करून आलेल्या आईचं मन कशाततरी रमावं, एवढाच माझा हेतू. चित्रपट सुरू झाला, रस्त्यावर उपाशीतापाशी फिरणारी चार्ली दिसली आणि आई म्हणाली, "हे कुठलं भटकं? हे तर लॅब्रेडॉर आहे."

हा लेख म्हणजे आईच्या त्या एका वाक्याचा विस्तार आहे.

ज्यांनी हा कन्नड चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २०२२ साली आलेला, किरणराज के. यांनी दिग्दर्शित केलेला. नायक धर्म (रक्षित शेट्टी) एकटा राहतो, कारखान्यात काम करतो, इडल्या खातो, बिअर पितो, चार्ली चॅप्लिनचे सिनेमे बघतो आणि माणसांशी फटकून वागतो. लहानपणी घरची सगळी माणसं अपघातात गेलेली. एका क्रूर ब्रीडरकडून पळून आलेली कुत्री त्याच्या आयुष्यात शिरते. आधी हाकलणं, मग सहन करणं, मग जीव लागणं. पुढे तिला कॅन्सर असल्याचं कळतं आणि टीव्हीवरचा बर्फ पाहून हरखणाऱ्या चार्लीला खरा बर्फ दाखवायला धर्म तिला साइडकारमध्ये बसवून हिमालयाकडे निघतो. चित्रपट अनेक भाषांत डब झाला, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, लोक थिएटरमधून डोळे पुसत बाहेर आले. आम्हीही रडलो. आई जरा जास्तच.

म्हणून हे लिहिताना सांभाळून लिहिते आहे. ज्या कलाकृतीने आपल्याला रडवलं, तिच्यावर टीका करणं म्हणजे जेवून उठल्यावर स्वयंपाकाला नावं ठेवण्यासारखं वाटतं. पण रडून झाल्यावर काही प्रश्न शिल्लक राहतात.

पहिला प्रश्न आईचाच. रस्त्यावरच्या कुत्र्याला घरात घेण्याची भारतातली बहुधा सगळ्यात लोकप्रिय गोष्ट, आणि तिची नायिका लॅब्रेडॉर का? कथेत याचं उत्तर आहे. चार्ली ब्रीडरकडून पळाली आहे, आणि जवळच्या नात्यात पैदास करत राहिल्यामुळे होणारे आजार हाच चित्रपटाचा एक मुद्दा आहे. मुद्दा रास्त आहे. पण त्याचा परिणाम असा होतो, की चार्ली रस्त्यावर 'चुकून' आलेली ठरते. मुळात ती घरातलीच. तिला घरात घेणं म्हणजे तिची जागा तिला परत देणं. आपल्या गल्लीतलं टोकदार कानांचं, वळलेल्या शेपटीचं, मातकट रंगाचं कुत्रं, जे मूळचं रस्त्यावरचंच आहे, त्याच्यासाठी मात्र या गोष्टीत जागा होत नाही. प्रेक्षक ज्या कुत्र्यासाठी रडतो, ते कुत्रं घरी जाताना त्याला वाटेत भेटत नाही. जे भेटतं, त्याला तो 'हाड' म्हणतो.

दुसरा प्रश्न पात्रतेचा. या प्रकारच्या गोष्टींत कुत्र्याला घरात येण्यासाठी काहीतरी करून दाखवावं लागतं. चार्लीने एका माणसाला पुन्हा माणसांत आणलं. २०२४ सालचा 'आर्थर द किंग' घ्या. यामागची हकिगत खरी आहे. २०१४ साली इक्वेडोरमध्ये साहसी शर्यतींची जागतिक स्पर्धा चालू होती. स्वीडनच्या संघाचा मिकाएल लिंडनॉर्ड याने एका जखमी भटक्या कुत्र्याला मांसाचा एक गोळा दिला आणि ते कुत्रं जंगल, चिखल तुडवत संघाच्या मागे आलं. संघाची कयाक पाण्यात उतरली तेव्हा तेही पोहत निघालं आणि त्याला आत घ्यावं लागलं. पुढे लिंडनॉर्डने त्याला स्वीडनला नेलं. हॉलिवूडने ही गोष्ट डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये नेली, संघ अमेरिकन केला, मार्क वॉलबर्गला नायक केलं. आणि कुत्र्याला एक काम दिलं: अंधारात कड्यावरून पडणाऱ्या माणसांना वाचवण्याचं. जणू नुसतं मागे येणं पुरेसं नव्हतं! मला विचाराल, तर मूळ हकिगतीतली सगळ्यात विलक्षण गोष्ट तेवढीच होती. एक घास दिला आणि ते मागे आलं. त्यासाठी ना शौर्य लागलं, ना उपकार.

खरं तर आपल्याकडची या विषयावरची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मोठी गोष्टही 'मागे येण्या'चीच आहे. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ यज्ञाच्या जागी आलेल्या एका कुत्र्याला विनाकारण मारतात आणि त्याची आई सरमा त्यांना जाब विचारते, शाप देते. आणि शेवटाकडे महाप्रस्थानिक पर्वात पाच भाऊ आणि द्रौपदी निघतात, तेव्हा सातवं एक कुत्रं त्यांच्यामागून चालू लागतं. त्याला कोणी बोलावलेलं नाही. त्याचं नाव नाही, गुण सांगितलेले नाहीत. ते फक्त येत राहतं. एकेक जण वाटेत पडतो, कुत्रं उरतं, आणि कुत्र्याला स्वर्गात प्रवेश नाही असं इंद्र म्हणतो तेव्हा युधिष्ठिर रथात चढायला नकार देतो.

'७७७ चार्ली'च्या नायकाचं नाव धर्म आहे आणि तो कुत्रीला घेऊन हिमालयातल्या बर्फाकडे निघतो, हा योगायोग नसावा. पण अदलाबदल पाहा. महाभारतात माणसं पडतात आणि कुत्रं शेवटपर्यंत जातं. चित्रपटात कुत्री बर्फात संपते आणि माणूस सुधारून परत येतो. महाभारतात कुत्रंच धर्म निघतं. चित्रपटात धर्म हे माणसाचं नाव. प्रवास तोच, फक्त त्याचं फळ माणसाच्या पदरात पडतं.

अर्थात महाभारतालाही एक प्रश्न विचारायला हवा. शेवटी ते कुत्रं साक्षात यमधर्म निघालं, म्हणजे तिथेही साध्या कुत्र्याला स्वर्ग मिळालाच नाही. पण मला युधिष्ठिराचा नकार मोठा वाटतो, कारण तो नकार देत होता तेव्हा त्याला हे माहीत नव्हतं. त्याच्यापुढे फक्त एक मागे आलेलं कुत्रं होतं.

आता काळीबद्दल सांगायला हवं.

काळी आमच्या सांगलीच्या घराच्या दारात आठ वर्षं आहे. 'आमची' म्हणायचं की नाही, हा प्रश्न आईला कधी पडला नाही. पिल्लू असताना पावसात फाटकाशी आली, बाबांनी दूधभात घातला, ती राहिली. दिवसा गल्लीत, रात्री बाबांच्या स्कूटरखाली. मुसळधार पावसात व्हरांड्यापर्यंत, घरात नाही. आई शिळी पोळी घालायची, शिंदेकाकू भाकरी, समोरचे सर बिस्किटं. नसबंदी करणारे लोक तिला घेऊन गेले आणि कानाला खाच पाडून परत सोडून गेले. ती खाच म्हणजे तिची एकमेव कागदपत्रं. ती राखण करत नाही, चोरांपेक्षा फटाक्यांना जास्त भिते. बाबा गेले त्या दिवशी काळीने काही केलं नाही. ती आडवी आली नाही, अन्न सोडलं नाही, स्कूटरपाशी रडत बसली नाही. संध्याकाळी कोणीतरी तिला खायला घातलं, तिने खाल्लं आणि झोपली. आई नंतर म्हणाली, "बरं वाटलं बघ तिला पाहून. एवढ्या गर्दीत तीच एक रोजच्यासारखी होती."

हा प्रसंग कुठल्याही पटकथाकाराने कापून टाकला असता. मला मात्र वाटतं, कुत्रं घरचं होणं म्हणजे हेच. त्याने काहीही करून दाखवलं नाही तरी त्याची जागा जात नाही.

मराठीत अशा कुत्र्याला 'दारचं कुत्रं' म्हणतात. पाळलेलं नाही, भटकं नाही; तिसरंच. आपल्या म्हणीने या तिसऱ्या जागेची चेष्टा केली आहे: धोब्याचा कुत्रा, घर का ना घाट का. पण त्या कुत्र्याकडून पाहा, त्याला घरही असेल आणि घाटही. गंमत म्हणजे आपल्या कायद्याला ही तिसरी जागा मान्य आहे. प्राणी जन्म नियंत्रणाचे २०२३चे नियम रस्त्यावरच्या कुत्र्यांना 'सामुदायिक प्राणी' म्हणतात. नसबंदी करा, लस द्या आणि जिथून उचललं तिथेच सोडा, ही त्यांची रीत. ११ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली सगळी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायचा आदेश दिला आणि २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलला: लस देऊन परत सोडा, मात्र रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री सोडू नका. ते अकरा दिवस आई इथे बसून रोज बातम्या लावायची. दिल्ली आणि सांगलीत किती अंतर आहे, हे सांगून तिची काळजी कमी होत नव्हती.

दुसरी बाजू मला नाकारायची नाही. जगात रेबीजने जाणाऱ्या माणसांपैकी सुमारे एक तृतीयांश भारतात जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यांत लहान मुलं खूप असतात. ज्यांच्या मुलाला कुत्रं चावलं, त्यांना 'दारचं कुत्रं' या शब्दातली माया ऐकवू नये. म्हणूनच तिसरी जागा नुसत्या मायेवर टिकत नाही. तिला कानाची खाच लागते, लस लागते, दरवर्षी ते काम करणारी नगरपालिका लागते. चांगल्या गोष्टीने हेही सांगायला हवं.

तशी एक कलाकृती मला सापडली: एलिझाबेथ लो यांचा 'स्ट्रे' (२०२०) हा इस्तंबूलमधल्या कुत्र्यांवरचा माहितीपट. त्याची नायिका झेतिन रस्त्यावर राहते. कॅमेरा तिच्या उंचीवर चालतो, त्यामुळे माणसं बहुतेक वेळा पाय, पिशव्या आणि अर्धवट ऐकू आलेली भांडणं एवढीच उरतात. तिथे सीरियातून आलेली निर्वासित मुलं भेटतात. ती बांधकामावर झोपतात, कुत्र्यांना मिठी मारून ऊब घेतात, आणि एक पिल्लू स्वतःसाठी पळवतात. म्हणजे घर नसलेली मुलं कुत्र्याला 'घरात' घेतात. दिग्दर्शिकेने यावर भाष्य केलेलं नाही. निर्वासित आणि भटकी कुत्री सारखीच, असं ती एकदाही म्हणत नाही; आपण परदेशी राहणारी माणसं ही तुलना फार पटकन करतो आणि त्यात दोघांवरही अन्याय होतो. शेवटी अजानचा आवाज येतो आणि झेतिन मान वर करून सूर लावते. कोणी वाचत नाही, कोणी सुधारत नाही.

हा माहितीपट आज पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवा. तुर्कस्तानच्या २००४च्या कायद्यात कुत्र्यांना नसबंदी करून परत सोडायची पद्धत होती. जुलै २०२४मध्ये तिथल्या संसदेने ती बदलली; आता नगरपालिकांनी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायची आहेत. झेतिनची तिसरी जागा कागदावर तरी संपली.

आईला 'स्ट्रे' कंटाळवाणा वाटला, हे प्रामाणिकपणे सांगते. "काही होतच नाही गं यात," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "काळीला इकडे आणता येईल का?"

मी खरोखर पाहिलं. ऑगस्ट २०२४पासून अमेरिकेत सीडीसीचे नवे नियम आहेत आणि रेबीजसाठी भारत धोक्याच्या देशांच्या यादीत आहे. मायक्रोचिप हवी, रक्ताची तपासणी हवी, इथल्या नोंदणीकृत केंद्रात आधी जागा घ्यायला हवी. हे सगळं पैशाने आणि वेळेने जमतं. पण लसीच्या दाखल्यावर मालकाचं नाव लिहायचं असतं. तिथे मी अडले. बाबांचं लिहायचं? आईचं? शिंदेकाकूंचं? शिवाय माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये कुत्र्याला परवानगी नाही आणि माझी नोकरी दोन वर्षांच्या करारावर. काळीला इथे आणून मी तिला घर दिलं असतं आणि तिची गल्ली काढून घेतली असती. आईला मी फक्त "अवघड आहे" एवढंच सांगितलं.

गेल्या रविवारी शिंदेकाकूंनी व्हिडिओ कॉलवर कॅमेरा वळवला. काळी त्यांच्या फाटकाशी, त्यांच्या स्कूटरखाली झोपली होती. "तुम्ही काळजी करू नका हो वहिनी, मजेत आहे ती," काकू म्हणाल्या. आईने "यू यू, काळे" अशी हाक मारली. काळीने डोकं उचललं, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"बरी आहे," आई म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. तिला हायसं वाटलं होतं आणि वाईटही वाटलं होतं. दोन्ही एकदम.

'७७७ चार्ली' जरूर पाहा, रुमाल घेऊन पाहा. पण त्याआधी किंवा नंतर 'स्ट्रे' पाहा, आणि तो कंटाळवाणा वाटला तर का वाटला, ते स्वतःला विचारा. डिसेंबरात आई परत जाईल. काळी कोणाच्या स्कूटरखाली झोपते, ते तेव्हा कळेल.