पागनीसांचा तुका, गौरीची जिजाई

तुकोबांचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. अर्धवट मिटलेले डोळे, ओठांवर निवांत हसू, गळ्यात तुळशीची माळ. कॅलेंडरपासून एकादशीच्या व्हॉट्सॲप स्टेटसपर्यंत बहुतेक वेळा हाच माणूस भेटतो. पण हा सतराव्या शतकातला देहूचा वाणी नव्हे. हे विष्णुपंत पागनीस, रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले गायक नट, आणि साल १९३६.

त्या वर्षी प्रभातचा 'संत तुकाराम' आला. दिग्दर्शक दोघे, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. (वारकरी महाराष्ट्राच्या देव्हाऱ्यातली प्रतिमा घडवणाऱ्यांत एक शेख आहेत, हे आजकाल कुणी सांगत नाही.) चित्रपट मुंबईत वर्षाहून जास्त चालला, १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. लोकांनी पागनीसांचे फोटो फ्रेम करून घरात लावले आणि त्यांना हार घातले.

चेहऱ्याचं झालं तेच शब्दांचंही. चित्रपटातलं बीज आणि वृक्षाचं पद शांताराम आठवले यांनी लिहिलं आहे. ते इतकं मुरलं की लोक ते तुकोबांचाच अभंग समजून गातात. गंमत बघा: चित्रपटातला खलनायक सालोमालो तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवतो. इथे उलटं झालं. आठवल्यांची रचना लोकांनी आपणहून तुकोबांच्या खात्यावर जमा केली. मला यात फसवणूक दिसत नाही. ज्या परंपरेत अभंग आधी कानांनी आणि मग कागदावर टिकला, तिला हे चालतं.

मला खटकतं ते दुसरंच. चित्रपटातून आपण नेमकं काय उचललं? पागनीसांचं हसू. जिजाईला मात्र कजाग बायको म्हणून किश्श्यांपुरती ठेवली.

खरं तर चित्रपट तिच्यावर उभा आहे. गौरी या नटीने ती केली आहे, आणि माझ्या मते पागनीसांपेक्षा सरस केली आहे. ती म्हशीशी बोलते, पोरांवर खेकसते, घरात दाणा नाही म्हणून नवऱ्याला फैलावर घेते. पोर आजारी पडल्यावर चप्पल घेऊन थेट विठोबावर चालून जाते. प्रेक्षक हसतो खरा, पण देवाला जाब विचारायची ताकद त्या क्षणी तिच्यातच असते. तुका अभंगात विठ्ठलाशी भांडतो, ती चप्पल घेऊन भांडते. दोघांची जातकुळी एकच. शेवटी विमान आकाशात जातं आणि जिजाई खाली, पोरांपाशी राहते. दामले-फत्तेलालांनी वैकुंठ दाखवलं, पण मागे राहिलेली चूलही दाखवली.

ही चूल कॅलेंडरवर येत नाही. दुष्काळही येत नाही. पहिली बायको अन्नावाचून गेली हे तुकोबांनी स्वतः अभंगात सांगितलंय. गाथेत साडेचार हजारांच्या वर अभंग आहेत आणि त्यांतले कितीतरी दांभिकांना सोलून काढणारे, चिडलेले, घायाळ आहेत. दिलीप चित्रे यांनी 'पुन्हा तुकाराम'मध्ये हा कवी परत समोर ठेवला. २०१२ साली चंद्रकांत कुलकर्णी यांच्या 'तुकाराम'मध्ये जितेंद्र जोशीने त्याचा प्रपंच आणि दुष्काळ उभा केला. तरी देव्हाऱ्यातला फोटो बदलला नाही. निवांत तुका भिंतीवर शोभतो. सावकारीच्या वह्या इंद्रायणीत बुडवणारा तुका रोज समोर असला तर आपल्याला आपले हिशेब आठवतील.

म्हणून हल्ली कुणी 'आमचे तुकोबा' असं छाती फुगवून म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, गाथेतले की फ्रेममधले? फ्रेममधल्यांवर माझा राग नाही, पागनीसांचा आवाज आजही अंगावर काटा आणतो. पण मूळ चित्रपट आपल्या आठवणीपेक्षा जास्त धीट आहे.

जुना प्रिंट आहे, आवाज खरखरतो, इअरफोन लावा. पहिल्यांदा बघताना पागनीसांवरून नजर हटणार नाही. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा जिजाईच्या मागे मागे जा.