फसव्या पत्राचे प्रशिक्षण आणि आप्तवाक्य

ऑगस्ट २०२४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेने, परवलीचे शब्द लुबाडणाऱ्या ईमेलांविषयी, म्हणजे फिशिंगविषयी, सावधगिरी शिकविण्यासाठी एक बनावट ईमेल धाडला : दक्षिण आफ्रिकेहून परतलेल्या कर्मचाऱ्यास इबोला झाला आहे. पुढे विद्यापीठास क्षमा मागावी लागली. परंतु दोष केवळ विषयाच्या निवडीचा नव्हे. येथे विद्यापीठाने आपल्याच तातडीच्या सूचनेची भाषा असत्यासाठी वापरली. नैयायिक आप्तवाक्यास प्रमाण मानतात, ते वक्ता विश्वसनीय असतो म्हणून. आप्तच असत्य बोलून परीक्षा घेऊ लागला, तर श्रोता खऱ्या सूचनेविषयीही साशंक होतो. आणि साथीच्या काळी ही शंका घातक ठरते. परीक्षेने परक्याचे सोंग खुशाल घ्यावे. संकटसूचनेचा स्वर मात्र खऱ्या संकटासाठीच राखून ठेवावा.