काल जन्मतःच दुष्ट होता का?

'क्रिश ३' (२०१३) विज्ञानाच्या तासाला चर्चेस घेण्याजोगा चित्रपट आहे, पण त्यातल्या उड्यांसाठी नव्हे. नायक कृष्णा आणि खलनायक काल या दोघांकडेही रोहितचीच जनुके आहेत. एकाला मायेची आजी मिळाली. दुसरा प्रयोगशाळेतून जन्मलेला, पांगळा आणि अनाथाश्रमात सोडलेला. आनुवंशिकता की परिस्थिती, हे तपासायला याहून सुंदर प्रयोग कोणता? पटकथेने तो वाया घालवला. कालचे बालपण घाईने उरकले आणि त्याला सरळ राक्षस करून टाकले.

गुन्हेगार जन्मतःच तसा असतो, कवटी-जबड्यावरून तो ओळखू येतो, असे इटलीच्या लोंब्रोझोने १८७६ साली मांडले. इंग्लंडमध्ये गोरिंगने हजारो कैद्यांची मापे घेऊन १९१३ मध्ये ते खोडून काढले. पडद्यावर मात्र व्रण किंवा व्यंग दिसले की खलनायक आला, हे आपण अजूनही ओळखतोच! हॉवर्ड बेकरने १९६३ मध्ये वेगळे सांगितले: शिक्का समाज मारतो, मग माणूस त्याप्रमाणे वागू लागतो.

आपल्याकडे तर १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींनाच गुन्हेगार ठरवले. तो १९५२ मध्ये रद्द झाला. कर्जत-खालापूरच्या कातकऱ्यांनाही इंग्रजी नोंदींनी चोरटे म्हटले होते. आज वर्गात कंपासपेटी हरवली, की पहिली नजर वाडीवरच्या पोराकडे का वळते?

चित्रपट पाहिलेल्या मुलांना एवढेच विचारा: काल त्या आजीकडे वाढला असता, तर?